पेटीशिवाय

वादी कबीरच्या गल्लीत, टायरच्या दुकानामागे,
नूरुल आबेदिनने फळीवरून रंधा फिरवला
आणि विचारलं, "साब, पेटी किधर?"
पेटी नाही, म्हटलं. नुसती फळी.
पाऊण इंची बर्च, साडेतीन फूट उंच, दोन फूट रुंद,
मध्ये पंधरा इंचाचं भोक, खाली दोन पाय.
अशा दोन.
तो हसला. त्याला वाटलं असणार,
साहेबाकडे झाकणापुरतेच रियाल उरलेत.

माझ्या वडिलांना वेगळंच वाटलं असतं.
सावंतवाडीत त्यांचा जन्म गेला पेट्या दुरुस्त करण्यात:
भात्याची भोकं, बसलेल्या पट्ट्या, गंजलेले सूर,
भजनी मंडळांच्या, शाळांच्या,
एका पोस्टमास्तरची अस्सल सागवानी.
"पेटी म्हणजे छाती," म्हणायचे,
"छातीशिवाय आवाज राहणार कुठे?"

कुठे राहणार, ते मला अजून नीट ठाऊक नाही.
एवढं कळलंय, की स्पीकरचा कागद पुढे ढकलतो
तेव्हाच मागे ओढतो.
जे पुढे जातं तेच उलटं होऊन मागे जातं.
खोक्यात त्याला कोंडतात, लोकर भरून गप्प करतात.
इथे कोंडायला कुणी नाही.
ते कडेवरून वळतं, पुढच्याला गाठतं,
आणि दोघं एकमेकांना फेडून टाकतात.
आधी जातो खर्ज.
म्हणून फळी रुंद हवी. म्हणून भिंतीपासून चार फूट पुढे,
म्हणजे आमच्या हॉलच्या ऐन मध्यात,
म्हणजे कपडे वाळत घालायच्या स्टँडच्या जागी.

शर्वाणी काही बोलली नाही. स्टँड बाथरूमपाशी नेला.
फक्त येता-जाता फळीला वळसा घालताना
"सांभाळून," असं स्वतःलाच बजावते,
मला ऐकू येईल इतपत.

एसी चालू असला की बारीक काही ऐकू येत नाही.
बंद केला की जूनमधलं मस्कत आत येतं.
अकरा मिनिटं. एवढीच मुदत ठरली आहे आमच्यात.
बनियनवर बसतो, मांडीखाली टॉवेल घेऊन.
अजान झाली तर थांबतो, ती मिनिटं धरत नाही.

एक सांगायचं राहिलं.
मार्चमध्ये देऊळकरला पाठवलं आम्ही, कार्गोने.
कागदांवर सही माझी होती. मापं लिहावी लागतात:
लांबी, रुंदी, उंची, वजन.
तोवर माझ्याकडे खोक्यांचेच स्पीकर होते, चांगले होते.
एप्रिलमध्ये विकले.
दोन्हींचा काही संबंध आहे असं नाही.

स्वयंपाकघराचं दार नेमकं फळीच्या कडेच्या रेषेत येतं.
तिथे आवाज पोचत नाही,
पुढचं मागचं सारखं होऊन मिटतं.
"लावलंयस का काही?" तिने तिथून विचारलं.
कधीचं, म्हटलं.
पिठाचे हात तसेच घेऊन ती दोन पावलं आली,
थबकली, दोन मागे, पुन्हा पुढे,
वीज गेल्यावर भिंत चाचपावी तशी.
मग बसली गालिच्यावर, खुर्चीच्या डावीकडे.

टेप नव्वद सालची. वडिलांनी कुणाची तरी पेटी उघडली आहे.
सूर एकेक तपासताहेत, पांढरे आधी, मग काळे.
एक पट्टी चिकटते. स्टूल सरकतं. कावळा.
चहा आणू का विचारणारा आवाज बहुतेक माझाच.
दर सुराआधी भाता थोडा भरतो.

"श्वास कोण घेतंय?"

पेटी, मी म्हटलं.

तेरावं मिनिट चालू होतं.